सुरकुत्यांची इंजेक्शनं: दारापाशी थांबून विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. आधी मुलीच्या मुरुमांबद्दल बोलणं होतं, मग स्वतःच्या वांगाबद्दल, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर बाई मागं वळून हळूच विचारतात, "मॅडम, ते सुरकुत्यांचं इंजेक्शन असतंय म्हणे, ते काय असतंय?" बाहेर वीस पेशंट थांबलेले असतात, आणि उत्तर दोन मिनिटांत मावणारं नसतं. म्हणून ते इथं सविस्तर लिहिते आहे.

हे इंजेक्शन नेमकं करतं काय?

आठ्या घातल्या की भुवयांमधले स्नायू आवळतात आणि वरची कातडी दुमडते. तीच घडी वीस-पंचवीस वर्षं पडत राहिली की तिची रेघ होते. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत पोचतो तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. बोट्युलिनम टॉक्सिन हे औषध नसेच्या टोकाशी त्या रसायनाची वाट अडवतं. हुकूम पोचत नाही, स्नायू सैल पडतो, वरची कातडी सपाट होते. कातडीला हे औषध काहीच करत नाही, सगळं काम खालच्या स्नायूवर होतं. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसं या सगळ्याच औषधांना बोटॉक्स म्हटलं जातं. डिस्पोर्ट, झिओमिन अशी इतर नावंही आहेत.

माझ्या सुरकुत्यांना त्याचा उपयोग होईल का?

घरच्या आरशासमोर, खिडकीच्या उजेडात उभ्या राहा. चेहरा सैल सोडा, काही हावभाव नको. आता दिसतात त्या रेघा एकदा नीट बघून घ्या. मग भुवया वर उचला, आठ्या घाला, डोळे बारीक करून हसा. या वेळी ज्या नव्यानं उमटतात त्या हालचालीच्या रेघा. त्यांना इंजेक्शन उत्तम चालतं. चेहरा शांत असतानाही ज्या दिसत होत्या त्या मुरलेल्या रेघा. त्या थोड्या उथळ होतील, पण पुसल्या जाणार नाहीत.

तिसरा प्रकार आपल्याकडं फार दिसतो. गालांवर आणि डोळ्यांखाली बारीक जाळी, कातडी जाड आणि रापलेली, अधूनमधून काळपट डाग. हे उन्हाचं काम. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशीच्या खाली यायला तयार नसतो. त्यात सकाळ-संध्याकाळ दुचाकीवर होटगी रोड नाहीतर विजापूर रोड, बाजार समितीतलं उघड्यावरचं काम, शेत, बांधकाम. अतिनील किरण कातडीला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन वर्षानुवर्षं तोडत राहतात. स्नायू सैल केला म्हणून तुटलेलं कोलॅजन परत येत नाही. अशा चेहऱ्याला मी टॉक्सिन देत नाही. बायका नाराज होतात. पैसे खर्चायची तयारी असताना डॉक्टर नाही म्हणते, हे पचायला जड जातं.

चौथा प्रकार मेडिकलमधून मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेल्या ट्यूबचा. गोरं होण्यासाठी म्हणून स्टेरॉइडचं मलम दोन-दोन वर्षं लावलेलं असतं. कातडी कागदासारखी पातळ, लाल, आतल्या शिरा दिसणारी. तिथं सुईचा विचारही आधी नको. ट्यूब सोडवायची, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण एकदम बंद केली तर चेहरा पेटतो.

ते विष असतंय म्हणे, खरं का?

खरं आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू ते तयार करतो, आणि माहीत असलेल्या सगळ्यांत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं तर माणसाचा श्वास बंद पडू शकतो. औषधाच्या १०० युनिटच्या कुपीत मात्र ते काही नॅनोग्रॅमच असतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे २० युनिट लागतात. जुनाट अर्धशिशीसाठी हेच औषध डोक्या-मानेभोवती ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट दिलं जातं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या ताठरलेल्या पायांनाही देतात. आठ्यांचा डोस त्यामानानं लहान आहे. भीती औषधाची नको, कुपीत खरंच काय आहे आणि सुई कुणाच्या हातात आहे याची धरा.

सुरकुत्यांसाठी ते वापरायचं कुणाला सुचलं?

डोळ्याच्या डॉक्टरांना. अमेरिकेत अॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी ते तिरळेपणावर वापरून पाहिलं, आणि १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी तिथं परवानगी मिळाली. त्याच सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या आचक्यांवर हेच इंजेक्शन देत होत्या. त्यांच्या एका पेशंटनं तक्रार केली, "या वेळी भुवयांमध्ये टोचलं नाहीत, तिथं टोचलं की माझ्या आठ्याही जातात." जीनबाईंचे यजमान अॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये निबंध छापला. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी अधिकृत मान्यता मिळाली ती २००२ मध्ये, डोळ्यांच्या कडेच्या रेघांसाठी २०१३ मध्ये आणि कपाळासाठी २०१७ मध्ये. शोध पेशंटच्या तक्रारीतून लागला, हे मला फार आवडतं. आम्ही डॉक्टर तक्रारी ऐकताना घड्याळ बघतो.

बोटॉक्स आणि फिलर एकच ना?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. टॉक्सिन स्नायू सैल करतं. फिलर म्हणजे जेल, ते खोलगट जागा भरून काढतं. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरणारी घडी, बसलेले गाल, ओठ, ही फिलरची कामं. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक अॅसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या कातडीत मुळातच असतो. जागा आणि जेलच्या घट्टपणानुसार तो साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. त्याचा मोठा गुण म्हणजे हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन तो विरघळवता येतो. टॉक्सिनला असा उतारा नाही, तिथं असर उतरेपर्यंत वाट बघावी लागते.

किती दुखतं?

मुंगी चावल्याइतकं. सुई इन्शुलिनच्या सुईसारखी बारीक असते. आठ्यांसाठी पाच टोचे, काम दहा मिनिटांचं. फिलरला थोडं जास्त दुखतं, म्हणून बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं औषध आधीच मिसळलेलं येतं.

पुढच्या आठवड्यात मुलीचं लग्न आहे, आज देता का?

नाही. याच प्रश्नावर माझी सगळ्यांत जास्त वादावादी होते. टॉक्सिनचा असर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसायला लागतो आणि पूर्ण व्हायला दोन आठवडे जातात. एक भुवई वर आणि एक खाली झाली तर तीही तेव्हाच कळते आणि तेव्हाच सुधारता येते. फिलरनंतर सूज आणि काळं-निळं पडणं आठवडा-दोन आठवडे राहू शकतं. म्हणून अक्षतांच्या आधी निदान महिनाभर, आणि पहिल्यांदाच घेत असाल तर दीड महिना हातात ठेवा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हा दिवाळीच्या खरेदीआधी येऊन जा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार असतील तर डिसेंबरच्या सुरुवातीला. हळदीच्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या नवरीला मी फक्त चहा देते.

एकदा बसलेला असर साधारण तीन ते चार महिने राहतो.

चेहरा पुतळ्यासारखा होतो का?

डोस जास्त दिला तर होतो. टीव्हीवर आश्चर्यचकित झालेली नटी भुवई हलवू शकत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. पहिल्या वेळी मी हात आखडता ठेवते. दोन आठवड्यांनी कमी वाटलं तर थोडं वाढवता येतं, जास्त झालेलं काढून घेता येत नाही.

कपाळाच्या आडव्या रेघांची गोष्ट जरा वेगळी. तिथला स्नायू भुवया वर उचलून धरतो. पन्नाशी-साठीनंतर पापण्यांची कातडी लोंबायला लागली की नकळत त्याच स्नायूच्या जोरावर आपण डोळे उघडे ठेवतो. तो सैल केला की रेघा जातात, पण भुवया जड होऊन खाली येतात. एक निवृत्त शिक्षिका दुसरीकडं इंजेक्शन घेऊन माझ्याकडं आल्या होत्या. म्हणाल्या, "कपाळ गुळगुळीत झालं हो, पण दिवसभर झोप आल्यासारखं दिसतंय." तीन महिने कळ काढण्याखेरीज त्यांना दुसरं काही सांगता आलं नाही.

काय काय बिघडू शकतं?

टोचलेल्या जागी लालसर होणं, बारीक निळा डाग, त्या दिवशी डोकं दुखणं, हे किरकोळ. वरची पापणी खाली येणं मात्र त्रासाचं. आठ्यांचं औषध खाली सरकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं की असं होतं. काही आठवड्यांत ती आपोआप वर येते, तोवर डोळ्यात घालायच्या थेंबांनी थोडा आधार मिळतो. औषध लांबवर पसरून गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं सौंदर्याच्या लहान डोसात फार विरळ. पण काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत केव्हाही असं वाटलं तर दवाखान्याच्या वेळा बघत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

फिलरचा धोका वेगळा आणि जास्त गंभीर. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाबून बसलं तर पुढच्या भागाचं रक्त तुटतं. कातडी एकदम पांढरी पडते, नाहीतर जांभळट जाळी दिसते, आणि टोचण्याच्या मानानं खूप जास्त दुखतं. तासाभराच्या आत डॉक्टरांच्या समोर असायला हवं. हायल्युरॉनिक फिलर असेल तर विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथं देतात. नाकाच्या आणि भुवयांच्या आसपासच्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात, त्यामुळं नजर जाण्याच्या घटनाही घडलेल्या आहेत, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. भुवयांच्या मधल्या रेघेत म्हणूनच मी फिलर भरत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. फिलर देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: "विरघळवायचं इंजेक्शन आत्ता तुमच्या फ्रिजमध्ये आहे का?" उत्तर देताना माणूस अडखळला तर पर्स उचला.

खर्च किती येतो?

टॉक्सिनचा हिशोब युनिटवर करा. दर युनिटमागे काही शे रुपये असतो आणि तो ब्रँडवर, डॉक्टरवर, शहरावर बदलतो. समजा ३०० रुपये युनिट धरलं, तर आठ्यांच्या २० युनिटचे सहा हजार होतात. आठ्या, कपाळ आणि दोन्ही डोळ्यांच्या कडा मिळून बोटॉक्सचा ठरलेला डोस २०, २० आणि २४ असा ६४ युनिट भरतो. आता कुणी "अख्खा वरचा चेहरा फक्त दोन हजारात" म्हणत असेल तर भागाकार करा. युनिट एकतीस रुपयांना पडलं. एवढ्यात खरी कुपी येत नाही. म्हणजे एकतर औषध बनावट आहे, नाहीतर त्यात पाणी जास्त आहे.

पाणी म्हणजे काय, तेही सांगते. औषध कुपीत पावडरच्या रूपात येतं आणि सलाईनमध्ये विरघळवतात. १०० युनिटमध्ये अडीच मिली घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. पाच मिली घातलं तर तेवढ्याच पाण्यात दोनच. सिरिंज भरलेली दिसते, औषध निम्मं असतं. म्हणून "किती सिरिंज" असं न विचारता "किती युनिट" विचारा आणि बिलावर लिहून घ्या. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाएवढं नसतं, बोटॉक्सचे २० आणि डिस्पोर्टचे २० म्हणजे वेगवेगळा डोस. तेव्हा ब्रँडचं नावही लिहून घ्या.

आरोग्यविम्यातून सौंदर्याच्या उपचारांचे पैसे मिळतील अशी आशा धरू नका.

पार्लरमधली ताई निम्म्या पैशात देते. तिथं घेऊ का?

नको. भुवया कोरण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मान्य. पण पापणी पडली किंवा कातडी पांढरी झाली तर तिच्याकडं काय आहे? देणारी व्यक्ती त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी शिकलेली हवी, आणि तिचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसायला हवा. भिंतीवर फक्त तीन दिवसांच्या कोर्सचं सोनेरी सर्टिफिकेट असेल तर ते कौतुकानं वाचा आणि निघा.

शिवाय बोटॉक्सची बंद कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मे महिन्यात, दुपारी वीज गेलेली, आणि कुपी कुणाच्या तरी बॅगेतून आलेली, असं औषध टोचून काय मिळणार? कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा, नाव, बॅच आणि मुदत वाचा, मोबाइलवर फोटो काढा. सरळ व्यवहार करणारा डॉक्टर रागावत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतसुद्धा बनावट बोटॉक्समुळं माणसं हॉस्पिटलात पोचली होती, तेव्हा हा प्रश्न फक्त लहान शहराचा नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या कुप्या आणि सुईशिवाय फिलर आत ढकलणारं ते पेन, दोन्ही घरात आणू नका.

कुणी घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी. टोचायच्या जागी फोड, नागीण किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत. डिस्पोर्टमध्ये गाईच्या दुधातलं प्रथिन अत्यल्प असतं, तेव्हा दुधाची खरी अॅलर्जी असेल तर सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निळे डाग जास्त पडतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका. सुरकुतीपायी हृदयाशी खेळ नको. जेंटामायसिन, अमिकासिन या गटातली अँटिबायोटिक इंजेक्शनं सुरू असतील तर तेही सांगायचं. अठराच्या आतल्या मुलींना सौंदर्यासाठी मी देत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. यात प्राण्याचं काही असतं का?

हा प्रश्न सोलापुरात बराच येतो आणि तो रास्तच आहे. बोटॉक्सच्या कुपीत मानवी अल्ब्युमिन असतं, म्हणजे माणसाच्या रक्तातून वेगळं काढलेलं प्रथिन. हायल्युरॉनिक अॅसिड एके काळी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे. आताचे बहुतेक फिलर जंतूंच्या किण्वनातून बनतात. माहिती माझी, निर्णय तुमचा.

पुरुष घेतात का?

घेतात, आणि बायकोला कळू देऊ नका असंही सांगतात. पुरुषांचे स्नायू जाड असल्यामुळं युनिट जास्त लागतात. बाकी सगळं तेच.

जबडा बारीक करायचं इंजेक्शन घेतलं तर कडक भाकरी चावता येईल का?

हसू नका, खरंच विचारलेला प्रश्न आहे आणि अगदी मुद्द्याचा आहे. ते इंजेक्शनही टॉक्सिनचंच, चावण्याच्या स्नायूत देतात. तो सैल पडतो आणि मग हळूहळू बारीक होतो. पहिले काही आठवडे चावताना ताकद कमी वाटते. ज्वारीची कडक भाकरी, वर शेंगाचटणी, हे रोजचं जेवण असेल तर जबडा लवकर दमेल. भाकरी आमटीत कुस्करून खा. झोपेत दात खाणाऱ्यांना याचा फायदाही होतो, पण त्यासाठी आधी दाताच्या डॉक्टरांना भेटा.

घेतल्यावर काय पाळायचं?

चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही. त्या दिवशी जिम, पोहणं, वाफ आणि डोक्याची चंपी बंद. सिद्धेश्वराला जायला हरकत नाही, पण साष्टांग नमस्कार दुसऱ्या दिवशी घाला. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधता तो कपाळावर आवळू नका. फेशियल दोन आठवडे नको.

एकदा घेतलं की कायम घ्यावं लागतं का? सोडल्यावर दुप्पट सुरकुत्या येतात म्हणे?

सोडलंत की स्नायू पुन्हा हलायला लागतो आणि चेहरा पहिल्यासारखा होतो. दुप्पट काही होत नाही. चार महिने गुळगुळीत कपाळ बघायची सवय झालेली असते, म्हणून जुन्या रेघा नव्या वाटतात. दोन वेळांत निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवा. फार लवकर-लवकर आणि मोठे डोस घेतले तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग ते लागू पडेनासं होतं.

सुईशिवाय काही जमण्यासारखं आहे का?

आहे, फक्त ते कंटाळवाणं आहे. सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. रात्री डॉक्टरांनी लिहून दिलं तर ट्रेटिनॉइनचं मलम, गरोदरपणात मात्र नाही. तंबाखू आणि सिगारेट बंद. डोळे बारीक करून वाचत असाल तर चष्म्याचा नंबर तपासा. माझ्या एका पेशंटच्या आठ्या नव्या चष्म्यानं निम्म्या झाल्या आणि माझं बिल बुडालं. चेहऱ्यावरचा एखादा डाग वाढत असेल, रक्त येत असेल किंवा भरत नसेल, तर तो सुरकुतीच्या खात्यात धरू नका. खाजगीत जमत नसेल तर सिव्हिलच्या त्वचारोग विभागात दाखवा.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

चालू औषधांची चिठ्ठी, आधी कुठं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचा कागद, आणि दहा वर्षांपूर्वीचा एखादा हसरा फोटो. नटीचा फोटो आणू नका. मेकअप नको. भुवयांच्या मधोमध टोचायचं असतं, तेव्हा टिकली काढावी लागेल, ती पर्समधल्या आरशाला चिकटवून ठेवा. कुंकू लावत असाल तर आमची सिस्टर ओल्या कापसानं ते टिपून घेईल. टोचलेल्या जागी त्या दिवशी काही लावायचं नाही, दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर लावा.